कोन्या जातीचा साप

गणेशला जाऊन आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत जो भेटला त्यानं वैजयंतीला उपदेश पाजला होता. शेलूबाजारच्या आत्यानं तर तेरवीच्या पंगतीत, तोंडात बुंदी असतानाच सांगितलं, "झालं गेलं गंगेले मिळालं, पोरी." गंगा कुठं आणि हे गाव कुठं! मामा म्हणाला, बारावीचं वर्ष आहे, अभ्यासात जीव घाल. मंगरूळपीरच्या कॉलेजातल्या मॅडमनी तिला बाजूला घेऊन एक कोरी वही दिली आणि रोज एक चांगली गोष्ट त्यात लिहायला सांगितली. वैजयंतीनं पहिल्याच दिवशी लिहिलं, 'आज कोणी उपदेश केला नाही.' तेसुद्धा खोटंच होतं, कारण मॅडमनी नुकताच केला होता. ती वही मग चुलीत गेली.

सावरायचं, सावरायचं! पदर आहे का तो सावरायला? वीस वर्षांचा भाऊ गेला होता. तिला सावरायचं नव्हतंच. तिला एकच गोष्ट हवी होती. गावातल्या एका तरी माणसानं चारचौघांत तोंड उघडून म्हणावं, की गणेश अमुक अमुक प्रकारानं मेला. बस, एवढंच.

कारण गाव म्हणत होतं की गणेशला पान लागलं. या भागात सापाचं नाव घेत नाहीत, साप चावला की पान लागलं म्हणतात. पौषातला सोमवार होता. सकाळी साडेसातला गणेश विळा घेऊन बैलांसाठी गवत आणायला वावरात गेला आणि नऊ वाजता चौघांनी त्याला खाटेवर घालून आणला. पोलीस पाटील आला, त्यानं पायाशी वाकून पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पान लागलं." दुपारच्या आत सगळं उरकलंसुद्धा. मृत्यूच्या नोंदीत सर्पदंश असं लिहिलं गेलं. पण खाट अंगणात होती तेव्हा वैजयंतीनं भावाचा उजवा हात हातात घेतला होता. तळव्यावर आडवी काळी रेघ होती, पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. सापाला दोन दात असतात, पट्टी नसते. आणि पौषाच्या कडाक्यात कोणता साप फिरायला निघतो, हे तिनं विचारलं तेव्हा सगळ्या बायांनी मिळून तिला आत नेलं आणि पाणी पाजलं.

गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. रानडुकरांनी या भागात उच्छाद मांडला आहे. एका रात्रीत एकरभर हरभरा उकरून जातात. म्हणून लोकांनी वावराभोवती खुंट्या ठोकून बारीक तार ओढली आणि बांबूला लोखंडी आकडा बांधून तो सरळ खांबावरच्या लाईनीत अडकवला. डुक्कर शिवलं की खलास. हे गुन्ह्याचं काम आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण गावात आकडा नाही असं वावर शोधावं लागलं असतं. वैजयंतीच्या बापानं, इंद्रभाननं, मात्र दोन वर्षांपूर्वी झटका मशीन आणलं होतं. त्यानं डुकराला नुसता चटका बसतो, कोणी मरत नाही. ते मशीन अजूनही त्यांच्या वावरातल्या मांडवात टांगलेलं होतं.

आणि गणेश सापडला होता तो बांधावर. बांधाच्या अलीकडे इंद्रभानचं वावर, पलीकडे रामरावचं. रामराव म्हणजे इंद्रभानचा धाकटा भाऊ, वैजयंतीचा काका.

तिसऱ्या दिवशी राख सावडून लोक परतले तेव्हा तिनं काकाला अंगणातच गाठलं होतं.

"काका, तार तुमची होती ना?"

रामरावनं एकदा घराकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

"हो बाई. माहीच होती."

ती त्याच्या पायाशी थुंकली. सतरा वर्षांची पोर काकाच्या पायाशी थुंकली आणि कोणीही तिला रागावलं नाही. तेव्हापासून तिनं काकाच्या घरचं पाणी घेतलं नाही. काकू लिलाबाईनं आणलेलं ताट तिनं दारातच उपडं केलं. काका समोरून आला की ती बाजू बदलायची नाही, उलट मधोमध चालायची. त्यालाच बाजूला व्हावं लागायचं. तो व्हायचा.

बापाचा तर तिला त्याहून जास्त राग. ज्याचा पोरगा गेला त्यानं भावाची गचांडी धरायला नको? पण इंद्रभान गप्प. ठाण्यात चला म्हटलं तर गप्प. "तुमी काकाले भेता का?" असं तिनं जेवताना विचारलं तर तो अर्ध्या भाकरीवरून उठून गेला. आई, रुख्मिणी, म्हणाली, "चूप राय वैजू. घरातली गोष्ट घरात राहू दे." असा बाप आणि अशी आई असल्यावर मेलेल्याची बाजू कोण घेणार? एकटी ती.

पोळा आला तो असा.

वऱ्हाडातल्या पोळ्याला तोरणाखाली बैल उभे केले की झडत्या होतात. गडी यमकं जुळवून चार ओळी ओरडतो, शेवटी 'हर बोला' म्हणतो आणि सगळं गाव 'हर हर महादेव' करतं. या झडतीत कोणाचीही चामडी लोळवायची मुभा असते, आणि ज्याच्यावर झडती झाली त्यानं तोंडावर हसू ठेवून ती गिळायची असते. गेली तीन वर्षं गावात गणेशची झडती गाजायची. मागच्या पोळ्याला त्यानं सरपंचाच्या पाण्याच्या टाकीवर म्हटली होती:

"नळ आला, तोटी आली, टाकी उभी राह्यली,
पान्याची वाट पाहू पाहू नवरी म्हातारी झाली!"

सरपंचाला ठसका लागेपर्यंत गाव हसलं होतं. पण एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. त्या झडत्या वैजयंती लिहायची. गणेशला यमकाचं वावडं होतं. आवाज मात्र असा, की शेजारच्या गावातले बैल बुजावेत. "तू लिही, मी वराडतो," हा दोघांचा सौदा. पोरीनं तोरणाखाली उभं राहायची पद्धत नव्हती, म्हणून तिचे शब्द त्याच्या तोंडून जायचे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी तिन्हीसांजेला ती गोठ्यात गेली. मुंगा आणि पाखऱ्या, गणेशनं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेली जोडी. तिनं त्यांच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळलं आणि गणेश म्हणायचा तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाखऱ्यानं तिचा हात चाटला. तिला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

"यंदा आपली जोडी तोरनात जानार नाही," दारातून इंद्रभान म्हणाला. "दुखाचं वरीस हाय."

"दुख मानसाईले झालं. बैल कायले उपाशी राह्यतीन?"

"न्यायचं कोनी? मले नाही जमत."

"मी नेईन."

"पोरीची जात..."

"पोराची जात जाळून आले ना तुमी, कोनाले न इचारता? मंग आता पोरीचीच राह्यली."

इंद्रभान दारातूनच परत फिरला. तो कधीच काही बोलत नसे, आणि नेमकं तेच तिच्या डोक्यात जायचं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तेव्हा मारुतीच्या पारासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं. आता गावात ट्रॅक्टर जास्त, बैलजोड्या अकराच. झुली, बाशिंगं, शिंगांना बेगड. वैजयंती आली ती मुंगा-पाखऱ्याला घेऊन, आणि दोघेही कोरे. अंगावर झूल नाही, शिंगाला रंग नाही. दोन्ही कासरे तिच्या मुठीत. गर्दीनं वाट दिली; कोणी तरी "अबे, पोरगी आली" म्हणालं आणि चार मोबाईल वर झाले. ती सरळ तोरणाच्या मधोमध, सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली. तिच्या उजव्या हाताला तिसऱ्या जोडीजवळ रामराव होता. मागं, पाराच्या कोपऱ्याला, इंद्रभान येऊन टेकला होता.

एकदोन जुन्या झडत्या झाल्या. मग तिनं छाती भरून घेतली. आवाज गणेशसारखा नव्हता, चिरका होता. पण शब्द तर तिचेच होते.

"डुकरासाठी तार लावली, डुक्कर गेलं पयून,
घरचा वाघ बांधावर पडला, कोनी ना पाह्यलं वयून!
पान लागलं म्हनता त्याले, साप होता का तांब्याचा?
आकडा होता कोनाचा थो, करंट कोन्या खांबाचा?
बैल मुके, गाव मुकं, मुका माहा बाप,
रामरावच्या बांधावर कोन्या जातीचा साप?
हर बोला!"

'हर हर महादेव' कोणीही म्हटलं नाही. एका बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली. मोबाईल एकेक करून खाली गेले.

"सांगा ना काका," ती ओरडली. "झडती झाली तं हासावं लागते. हासा!"

रामरावनं डोक्यावरचा रुमाल काढला. "माहाच साप होता पोरी," तो हळू म्हणाला. "मी कुठी नाही म्हनतो?"

"नाही!"

हा आवाज पाराकडून आला. आठ महिन्यांत इंद्रभानचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता. माणसं ढकलत तो पुढं आला आणि भाऊ आणि पोरगी यांच्या मध्ये उभा राहिला.

"तार माही होती," तो म्हणाला. "आकडा म्या टाकला. मशीन दिवाळीतच बंद पडलं होतं, गनेशशिवाय घरी कोनाले सांगितलं नाही. रामरावनं त्याची तार कवाचीच काढली होती, त्याचं वासरू मेलं तवापासून. मलेबी म्हने, दादा काढ, दादा काढ. म्या नाही आयकलं."

त्यानं पाखऱ्याच्या पाठीवर हात टेकला. 

"वावरातली लाईन एक आठवडा रातची, एक आठवडा दिवसाची. आधीचा आठवडा रातच्या लाईनीचा होता. सकाळी सहाले लाईन गेली की तार मेली, म्हनून आकडा काढाले कोनी जात नसे. गनेशलेबी थेच मालूम. पन सोमवारी पाळी बदलते. दिवसाची लाईन आठ वाजता आली. माह्या ध्यानातच नाही राह्यलं सोमवार हाय म्हनून. मी घरी चहा पेत होतो."

वैजयंतीला काही दिसेना झालं.  आठ महिने. आठ महिने ती चुकीच्या माणसाच्या पायाशी थुंकत होती आणि बरोबर माणसाला भाकर थापून वाढत होती. बापाला मारावं, की काकाला, की स्वतःच्याच थोबाडीत द्यावी, हे तिला कळेना. मग तिची नजर समोर गेली. गावाकडे. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. कोणी 'अरे बापरे' म्हणालं नव्हतं.

"म्हंजे तुमाले सगळ्याईले मालूम होतं," ती म्हणाली.

पोलीस पाटील पुढं झाला. "वैजू, झालं आता. सनासुदीचा दिवस हाय. तोरन तोडू दे."

"ठान्यात काहून नाही गेले तुमी? मी सांगू? आमचा आकडा निंगाला असता तं तुमचाबी निंगाला असता. सगळे एका माळेचे मनी! माहा भाऊ सापाच्या नावावर टाकून आपापले आकडे वाचवले तुमी." तिनं मुंगाला आडवं वळवलं, पाखऱ्याला त्याच्या मागं. आता रस्ता पुरता अडला. "आज कोनाकोनाच्या वावरात आकडा हाय?"

बाकीच्या जोड्यांचे मालक आपापल्या बैलांची शिंगं न्याहाळू लागले.

"आनून टाका अथी. माह्यासमोर. तवा तोरन तुटीन."

"पोरी, बैल सकाळपासून उपाशी हायेत," पोलीस पाटील म्हणाला. "पाप लागीन."

"मानूस मेलं तवा नाही लागलं, आता लागीन?"

कोणी तरी म्हणालं, पोरीला उचलून बाजूला करा. पण करणार कोण? पुढं आलेल्या गड्याकडे मुंगानं नुसतं पाहिलं, तो दोन पावलं मागं गेला. इंद्रभान तिथंच उभा होता. रामराव आपली जोडी सोडून आला आणि काही न बोलता पाखऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. उन्हं उतरत होती. घराघरांत पुरणपोळ्या निवत होत्या. पोळ्याच्या दिवशी बैल जेवल्याशिवाय मालक जेवत नाही, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल घरी जात नाही; हे सगळं तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिला हलला हरीओम. गणेशचा दोस्त, खाट धरणाऱ्या चौघांतला एक. त्यानं आपल्या जोडीचा कासरा शेजाऱ्याच्या हातात कोंबला, मोटारसायकलला लाथ मारली आणि गेला. पंधरा मिनिटांनी परत आला तो बांबू खांद्यावर घेऊन. त्यानं तो तिच्या समोर टाकला. टोकाला वाकडा लोखंडी आकडा.

"म्या त्याले उचललं होतं," हरीओम म्हणाला.  "हात पाह्यला होता म्या त्याचा."

"मंग बोलला काहून नाही?"

हरीओमनं शेजाऱ्याच्या हातून कासरा परत घेतला. 

त्यानंतर एकेक जण निघाला. कोणी तणतणत, कोणी मान खाली घालून. एक जण म्हणाला, माह्या वावरात आकडाच नाही, तर त्याची बायकोच बायांच्या घोळक्यातून ओरडली, "मांडवामागं हाय थो, आना जाऊन मुकाट्यानं!" लोक हसले आणि हसल्याबद्दल ओशाळले. सूर्य टेकेपर्यंत नऊ बांबू पडले होते. त्यातला एक पोलीस पाटलाचा होता.

दहावा इंद्रभाननं आणला. तो वावरातून नव्हता आणला, घरून आणला होता. गोठ्यात कडब्याच्या गंजीखाली त्यानं तो आठ महिने लपवून ठेवला होता. ज्या गोठ्यात ती रोज सकाळी शेण काढायची, त्याच गोठ्यात. बापानं तो बाकीच्यांच्या वर ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं तोंड फिरवलं, मुंगाला सरळ केलं आणि हात वर करून तोरण ओढून तोडलं.

घरी रुख्मिणीनं बैलांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ओवाळलं. वैजयंती बाजूला उभी राहून पाहत होती.

"तुलेबी मालूम होतं, आई?"

"एक लेकरू गेलं होतं," रुख्मिणी म्हणाली.  "नवरा ठान्यात देऊन मी कोनाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं?"

आईचं म्हणणं खोडता येत नाही, याचाच वैजयंतीला भयंकर राग आला. ती तशीच तरातरा काकाच्या घरी गेली. रामराव ओट्यावर बसला होता. लिलाबाई तिला पाहून आत वळली.

"काका." हा शब्द आठ महिन्यांत पहिल्यांदा विखाराशिवाय निघाला म्हणून जड गेला. "खोटं काहून बोलले?"

"तुले त्याच घरात राह्यचं होतं ना बाई. माह्यावर थुकून घरी तं जात होती तू. बापावर थुकली असती तं कुठी गेली असती?"

"हे कोनी ठरवलं? माह्या भल्याचं सगळे तुमीच ठरवता! मले कोनी इचारलं?" ती रडत होती आणि ओरडत होती, दोन्ही एकदम. मग तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि वाकून काकाच्या पायांना हात लावला, ज्या पायांशी थुंकली होती त्याच पायांना. "चला जेवाले. काकूलेबी आना. आईनं पोया केल्या."

पंगत बसली. तिनं आधी काकाला वाढलं, मग काकूला. शेवटचं ताट बापासमोर ठेवलं, जरा आपटूनच. इंद्रभाननं अन्नाला हात लावला नाही.

"उद्या मंगरूळपीरले ठान्यात जातो," तो म्हणाला. "सगळं सांगतो. थे सर्पदंश लिहिलं हाय, खोडून मांगतो. मंग जे व्हाचं थे होईन."

"मीबी येईन संग."

त्यानं मान वर केली. आठ महिन्यांत बाप पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहत होता. "मंग बोलशीन माह्यासंग, वैजू?"

तिनं पुरणपोळीवर तुपाची धार सोडली.  राग जिथं होता तिथंच होता, पण आता त्याला पत्ता बरोबर सापडला होता.

"आधी थे खोडा, बाबा," ती म्हणाली. "मंग पाहू."